गाडी सुटलेली असेल
(इंग्रजी पूर्ण भविष्यकाळाविषयीं चार शब्द)

इंग्रजी व्याकरणाच्या तासाला एकेक काळ शिकवीत आम्ही शेवटच्या काळांपर्यंत येऊन पोहोंचलों म्हणजे वर्गांतील एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, ह्या पूर्ण भविष्यकाळाचा उपयोग तरी काय? साध्या भविष्यकाळानें भागत नाहीं काय?" प्रश्न रास्त आहे. पाठ्यपुस्तकांत ह्या काळाच्या वांट्याला बहुधा अर्धें पान येतें, परीक्षेंत एखाददुसरें वाक्य येतें, आणि विद्यार्थी 'विल हॅव' हे दोन शब्द घोकून तेवढ्यापुरती आपली सुटका करून घेतो. पुढें नोकरीचा अर्ज, व्यापाराचें पत्र किंवा वरिष्ठांस द्यावयाचा अहवाल लिहिण्याचा प्रसंग आला म्हणजे मात्र हाच दुर्लक्षिलेला काळ त्याची वाट अडवून उभा राहतो. म्हणून यंदाच्या अंकांत ह्या एकाच काळाविषयीं, पालकांनाही वाचतां येईल अशा रीतीनें, चार गोष्टी सांगाव्या असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक साधा प्रसंग घेऊं. घरांतील माणसें मुंबईस जावयास निघालीं आहेत. सामान बांधतां बांधतां उशीर झाला आहे, आणि बोलावलेली रिक्षा अद्याप दारांत आलेली नाहीं. थोरला मुलगा घड्याळाकडे पाहून इंग्रजींत म्हणतो, "व्हेन वुई रीच द स्टेशन, द ट्रेन विल लीव्ह." धाकटी बहीण मान हालवून म्हणते, "नाहीं दादा. व्हेन वुई रीच द स्टेशन, द ट्रेन विल हॅव लेफ्ट." दोन वाक्यांत फरक म्हणाल तर एका 'हॅव'चा आणि क्रियापदाच्या रूपाचा. पण दादाचें म्हणणें असें कीं, आपण स्टेशनावर पोहोंचूं आणि मग गाडी सुटेल. अर्थात् धांवपळ केल्यास डब्यांत शिरतां येईल. बहिणीचें म्हणणें असें कीं, आपण पोहोंचूं तेव्हां गाडी सुटून गेलेली असेल आणि फलाट मोकळा असेल. पहिलें वाक्य खरें ठरल्यास प्रवास घडतो. दुसरें खरें ठरल्यास बांधलेलें सामान घरीं नेऊन पुन्हा सोडावें लागतें. ज्याच्या योगानें एवढा फरक पडतो, तो काळ निरुपयोगी कसा म्हणावा?

ह्या काळाचें मर्म थोडक्यांत असें आहे. बोलणारा आज बोलत असतो. पण मनानें तो पुढच्या एखाद्या क्षणापर्यंत चालत जातो, तेथें थांबतो आणि मागें वळून पाहतो. तेथून पाहतां जी क्रिया पुरी झालेली दिसते, ती पूर्ण भविष्यकाळांत सांगावयाची. हें समजावें म्हणून आम्ही फळ्यावर एक आडवी रेघ ओढतों व तिच्यावर तीन खुणा करतों. डावीकडील पहिली खूण म्हणजे 'आज'. उजवीकडील शेवटची खूण म्हणजे 'मुदत'. ह्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी तिसरी खूण, ती क्रियेची समाप्ति. साध्या भविष्यकाळाला 'आज' आणि 'क्रिया' ह्या दोन खुणा पुरतात. पूर्ण भविष्यकाळाला मुदतीची खूण अवश्य लागते. ती वाक्यांत शब्दानें दिलेली असो, किंवा मागील संदर्भावरून समजत असो. पण ती मुळींच नसेल तर हा काळ वापरूं नये. "आय शॅल हॅव रिटन् अ लेटर" एवढेंच म्हणून कोणी थांबला, तर ऐकणारा लगेच विचारील, "केव्हांपर्यंत?" ह्या प्रश्नाला उत्तर नसल्यास वाक्य अधांतरीं राहिलें असें समजावें.

मनाची ही चाल आपणांस परकी आहे असें मात्र कोणी समजूं नये. "तूं शाळेंतून येशील तोंवर भाकऱ्या झालेल्या असतील," असें आई सकाळीं सांगते. "मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं नांगरट आटोपलेली असेल," असें शेतकरी म्हणतो. ज्यांनीं व्याकरणाचें पुस्तक कधीं उघडलें नाहीं, तींही माणसें पुढच्या मुदतीवर मन नेऊन तेथून मागें पाहतात. आईच्या वाक्यांत मुदत म्हणजे मुलाचें घरीं येणें, आणि पुरी झालेली क्रिया म्हणजे भाकऱ्या होणें. शेतकऱ्याच्या वाक्यांत मुदत मृगाच्या पावसाची. तेव्हां विद्यार्थ्यानें नवीन शिकावयाचा तो विचार नव्हे. विचार त्याच्या घरचाच आहे. नवीन आहे ती इंग्रजी भाषेची तो मांडण्याची पद्धत.

ती पद्धत अशी. आधीं 'शॅल' किंवा 'विल', त्यानंतर 'हॅव', आणि त्यानंतर क्रियापदाचें तिसरें रूप, म्हणजे भूतकालवाचक धातुसाधित. लॅटिन भाषेंत ह्या काळास 'फ्युच्युरम् एक्झॅक्टम्' असें नांव असून त्याचें रूप एकाच शब्दांत होतें. इंग्रजीला मात्र त्यासाठीं तीन शब्द जुळवावे लागतात, आणि तिन्ही ठिकाणीं आमचे विद्यार्थी चुकतात. पहिली चूक 'हॅव'ची. कर्ता 'ही' किंवा 'शी' असला कीं, त्यांच्या लेखणींतून 'विल हॅज' उतरतें. 'शॅल' व 'विल' यांच्या मागून नेहमीं मूळ रूप येतें, आणि तें 'हॅव' होय. येथें 'हॅज'ला जागा नाहीं. दुसरी चूक तिसऱ्या रूपाची. 'विल हॅव रोट', 'विल हॅव वेंट', 'विल हॅव बिगॅन' हीं रूपें अशुद्ध. 'रिटन्', 'गॉन', 'बिगन्' हीं शुद्ध. तिसरा घोटाळा 'शॅल' आणि 'विल' यांचा. जुन्या इंग्रजी व्याकरणांत 'आय' व 'वुई' यांच्यापुढें 'शॅल' आणि इतरांपुढें 'विल' असा नियम शिकवीत. आजच्या व्यवहारांत सर्व पुरुषीं 'विल' सर्रास चालतें व तें शुद्धच मानतात. आम्ही ह्या लेखांत जुनी चाल ठेविली आहे, ती संवयीमुळें. परीक्षेंत किंवा पत्रांत 'आय विल हॅव' लिहिणाऱ्यानें मनांत शंका बाळगूं नये.

कर्मणि प्रयोग करावयाचा असल्यास 'हॅव'नंतर 'बीन' घालावें. "द रोड विल हॅव बीन रिपेअर्ड बिफोर द रेन्स बिगिन," म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वीं रस्ता दुरुस्त झालेला असेल. दुरुस्त कोणी केला हें सांगण्याची जेथें गरज नाहीं, तेथें हें रूप फार उपयोगी पडतें.

आतां आपण खऱ्या अडचणींकडे वळूं. आमच्या अनुभवाप्रमाणें मराठी विद्यार्थ्याला ह्या काळांत अडविणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन, आणि दोन्हींचें मूळ आपल्या मराठींतील दोन सोयीस्कर शब्दांत आहे. ते शब्द म्हणजे 'असेल' आणि 'पर्यंत'.

'असेल'चा घोटाळा असा. शाळेच्या मराठी व्याकरणांत पूर्ण भविष्यकाळाचें उदाहरण म्हणून 'मी आंबा खाल्ला असेन' हें किंवा ह्यासारखें वाक्य दिलेलें असतें. त्यावरून विद्यार्थी असा आडाखा बांधतो कीं, जेथें 'असेल' दिसेल तेथें 'विल हॅव' लिहावें. पण आपण बोलतांना 'असेल' हा शब्द पुढच्या काळापेक्षां अंदाजासाठींच अधिक वापरतों. "काल रात्रीं तिकडे पाऊस पडला असेल" ह्या वाक्यांत भविष्य कोठें आहे? पाऊस पडलाच असल्यास तो काल पडला. आपण फक्त तर्क करीत आहों. त्याचें इंग्रजी, तर्क पक्का असल्यास "इट मस्ट हॅव रेन्ड देअर लास्ट नाइट," आणि तर्क कच्चा असल्यास "इट मे हॅव रेन्ड," असें होईल. "तो रागावला असेल म्हणून आला नाहीं" हेंही तसेंच.

इंग्रजी 'विल हॅव' यालाही अंदाजाचा अर्थ मुळींच नाहीं असें नाहीं. सकाळचे दहा वाजले आहेत, वडील रोज साडेनऊला कचेरींत पोहोंचतात. अशा वेळीं "फादर विल हॅव रीच्ड द ऑफिस बाय नाऊ" असें इंग्रज माणूसही म्हणतो. पण असें तो तेव्हांच म्हणतो, जेव्हां नेहमींच्या क्रमावरून त्याची खात्री असते. नुसती शंका असल्यास तो 'मे हॅव' म्हणेल. मराठींत 'पोहोंचले असतील' हा एकच प्रयोग खात्रीपासून शंकेपर्यंत सर्व पायऱ्यांवर चालतो. इंग्रजींत प्रत्येक पायरीला निराळा शब्द आहे.

ह्यावर आम्ही विद्यार्थ्यांना एक सोपी कसोटी सांगतों. वाक्यांत 'बहुधा' किंवा 'कदाचित्' हा शब्द घालून पाहावा. तो घालूनही वाक्याचा अर्थ होता तसाच राहिला, तर तें अंदाजाचें वाक्य. उलट, 'त्या मुदतीला पाहूं तेव्हां' हे शब्द घातल्यानें अर्थ अधिक स्पष्ट झाला, तर तें पूर्ण भविष्यकाळाचें वाक्य. शिवाय कान देऊन ऐकल्यास असें दिसून येतें कीं, अंदाज करतांना आपण बहुधा 'गेला असेल' म्हणतों, आणि पुढील मुदतीची स्थिति सांगतांना 'गेलेला असेल' म्हणतों. हा नियम नव्हे, कल आहे. तरी भाषांतर करणाराला तो बराच मार्ग दाखवितो.

दुसरा शब्द 'पर्यंत'. ह्याविषयीं लिहितांना आम्हांला एक जुना प्रसंग आठवतो, आणि तो सांगतांना आमची मान खालीं जाते. आमच्या वर्गांतील एका मुलाचे वडील सुतारकाम करीत. उन्हाळ्याच्या सुटींत चाळीस बांक करून देण्याचें काम एक संस्था देणार होती व तिनें लेखी उत्तर इंग्रजींत मागविलें होतें. वडिलांनीं मराठींत सांगितलें, "३० मेपर्यंत आम्ही चाळीस बांक तयार करूं." मुलगा नववींत, इंग्रजींत हुशार. त्यानें लिहिलें, "वुई विल बी मेकिंग फॉर्टी बेंचेस टिल द थर्टीएथ ऑफ मे." पत्र गेलें. संस्थेच्या माणसांनीं त्याचा अर्थ, शब्द सांगतात तसाच, केला: ३० मेपर्यंत बांक करण्याचें काम चालू राहणार, मग पुढें रंगरोगण, वाहतूक, मांडणी. त्यांना तर १ जूनला बांक जागेवर हवे होते. काम दुसऱ्याला गेलें.

कांहीं दिवसांनीं ते गृहस्थ पत्राची नक्कल घेऊन आमच्याकडे आले. रागावलेले नव्हते. ते म्हणाले, "मास्तर, दर आमचा त्यांना पसंत होता. मग ह्या कागदांत पोरानं काय चुकवलं, तेवढं सांगा." मुलगा त्यांच्या मागें खालीं पाहत उभा होता. आम्हीं पत्र वाचलें, आणि चूक कोणाची हें आमच्या तत्काळ ध्यानांत आलें. त्याच वर्षीं वर्गांत शब्दार्थ देतांना आम्हींच फळ्यावर लिहिलें होतें: 'टिल, म्हणजे पर्यंत'. मुलानें तो शब्दार्थ पाठ केला होता आणि विश्वासानें वापरला होता. चूक शिकविणाराची होती, आणि तिची किंमत एका कष्टाळू माणसाच्या संबंध सुटीच्या कमाईनें भरली गेली. आम्हीं तसें त्यांस स्पष्ट सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "मग बरोबर शब्द कोणता तो लिहून द्या." आम्हीं कागदाच्या चिठोऱ्यावर 'बाय' हा शब्द लिहून दिला. तो त्यांनीं घडी करून खिशांत ठेविला.

मराठींत 'पर्यंत' हा एकच शब्द दोन कामें करतो. "पांच वाजेपर्यंत मी काम करीन" यांत काम पांचपर्यंत चालू राहतें; येथें 'टिल' किंवा 'अन्टिल'. "पांच वाजेपर्यंत मी काम पुरें करीन" यांत काम पांचच्या आंत, केव्हांही, आटोपतें, येथें 'बाय'. चालू राहणारी क्रिया असेल तर 'टिल', आटोपणारी क्रिया असेल तर 'बाय'. पूर्ण भविष्यकाळ हा आटोपलेल्या क्रियेचा काळ असल्यामुळें त्याचा सोबती बहुधा 'बाय' असतो. त्या सुताराचें वाक्य असें हवें होतें: "बाय द थर्टीएथ ऑफ मे वुई शॅल हॅव मेड ऑल द फॉर्टी बेंचेस." हें वाचणारा ३० मेच्या दिवशीं मनानें जाऊन उभा राहिला असता, आणि चाळीसही बांक त्याला तयार दिसले असते.

येथें खरेपणानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, "वुई विल फिनिश द बेंचेस बाय द थर्टीएथ ऑफ मे" असें साध्या भविष्यकाळांत लिहिलें असतें तरी तें शुद्ध होतें, आणि काम भागलें असतें. मग फरक कोणता? साध्या भविष्यकाळांत काम करण्याचें वचन पुढें येतें. पूर्ण भविष्यकाळांत मुदतीच्या दिवशींची स्थिति पुढें येते. ज्याला त्या दिवशीं तयार वस्तु हवी आहे, त्याच्या मनाला दुसरें वाक्य अधिक धीर देतें. पण दोहोंतही 'बाय' अवश्य आहे.

नकारार्थी वाक्यांत हाच 'पर्यंत' अधिक फसवितो. "शुक्रवारपर्यंत काम होणार नाहीं" असें शिंप्यानें सांगितलें, तर आपण काय समजावें? त्याच्या मनांत असें असूं शकेल कीं, शुक्रवारीं येऊन पाहाल तर कपडे अपुरेच दिसतील. कदाचित् रविवार उजाडेल. त्याचें इंग्रजी, "द वर्क विल नॉट हॅव बीन फिनिश्ड बाय फ्रायडे." किंवा असेंही असूं शकेल कीं, शुक्रवारच्या आधीं येऊं नका, शुक्रवारीं मात्र कपडे मिळतील. त्याचें इंग्रजी, "द वर्क विल नॉट बी फिनिश्ड अन्टिल फ्रायडे." मराठींत आपण सुरावरून व ओळखीवरून अर्थ जाणतों. पत्रांत सूर ऐकूं येत नाहीं. तेथें शब्दांनींच सर्व सांगावें लागतें.

आणखी एक चूक फार आढळते. "बाय द टाइम यू विल कम, आय शॅल हॅव फिनिश्ड माय लेसन्स." येथें पहिल्या भागांतील 'विल' चुकीचें आहे. 'व्हेन', 'बिफोर', 'आफ्टर', 'बाय द टाइम', 'अॅज सून अॅज' अशा कालदर्शक शब्दांनीं सुरू होणाऱ्या गौण वाक्यांत, अर्थ पुढचा असला तरी, आजची इंग्रजी साधा वर्तमानकाळ किंवा पूर्ण वर्तमानकाळ वापरते. "बाय द टाइम यू कम, आय शॅल हॅव फिनिश्ड माय लेसन्स" हें शुद्ध. मुदत सांगणारें वाक्य वर्तमानांत आणि पुरी झालेली क्रिया सांगणारें वाक्य पूर्ण भविष्यांत, अशी ही जोडी लक्षांत ठेवावी. जुनें इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचा येथें गोंधळ होतो, कारण पूर्वीं असा निर्बंध नव्हता. १६११ सालीं छापलेल्या इंग्रजी बायबलांत लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायांतील १० वें वचन काढून पाहावें. तेथें 'व्हेन'च्या मागून पूर्ण भविष्यकाळ आलेला दिसेल. तें त्या काळीं शुद्ध होतें. आजच्या पत्रांत मात्र त्याचें अनुकरण करूं नये.

ह्या काळाचा आणखी एक मोठा उपयोग म्हणजे वर्षांचा हिशेब. मुंबई व पुणें यांमध्यें धांवणारी डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजीं सुरू झाली. म्हणून आपण म्हणतों, "ऑन द फर्स्ट ऑफ जून २०३० द डेक्कन क्वीन विल हॅव कम्प्लीटेड अ हंड्रेड इयर्स." हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास, सुमारें ३४ किलोमीटर, गेली, तेव्हां १६ एप्रिल २०५३ रोजीं त्या गोष्टीला दोनशें वर्षें झालेलीं असतील: "टू हंड्रेड इयर्स विल हॅव पास्ड." हॅलीचा धूमकेतु १९८६ मध्यें सूर्याजवळ येऊन गेला व पुन्हा २०६१ मध्यें येईल. त्या वेळीं ७५ वर्षें लोटलेलीं असतील, आणि आज दहावींत बसलेला विद्यार्थी पन्नाशीच्या घरांत पोहोंचलेला असेल. ह्या वाक्यांची इंग्रजी रूपें विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावीं. गणित आणि व्याकरण एकाच वेळीं तपासलें जाईल.

क्रिया मुदतीच्या दिवशींही चालूच राहणार असेल, आणि ती किती काळ चालत आली हें सांगावयाचें असेल, तर 'हॅव बीन' पुढें 'इंग'चें रूप घालतात. एखादा शिक्षक म्हणेल, "नेक्स्ट जून आय शॅल हॅव बीन टीचिंग फॉर ट्वेंटी इयर्स." येत्या जूनमध्यें त्याच्या शिकविण्यास वीस वर्षें पुरीं होतील, शिकविणें मात्र संपणार नाहीं. काम पुरें झालें असें सांगावयाचें असल्यास 'हॅव टॉट', चाललेल्या कामाची लांबी सांगावयाची असल्यास 'हॅव बीन टीचिंग'.

इतकें सांगितल्यावर एक इशाराही दिला पाहिजे. नवीन शिकलेलें अवजार सगळीकडे चालवून पाहण्याची मुलांना हौस असते. "टुमारो आय शॅल हॅव गॉन टु द बझार" असें लिहिणाऱ्या मुलाला आम्ही विचारतों, "तुला बाजारांत जावयाचें आहे, कीं उद्यां एका ठराविक वेळीं तूं जाऊन चुकलेला असशील असें सांगावयाचें आहे?" नुसतें जावयाचें असेल तर "आय शॅल गो" पुरे. मुदत नाहीं तेथें पूर्ण भविष्यकाळ नाहीं, ही एकच ओळ लक्षांत ठेविली तरी पुष्कळ चुका टळतात.

सरावासाठीं पांच वाक्यें देतों. पुढील उत्तरें झांकून ठेवून विद्यार्थ्यांनीं आधीं स्वतः प्रयत्न करावा.

१. पुढल्या रविवारपर्यंत माझें हें पुस्तक वाचून झालेलें असेल.
२. पुढल्या रविवारपर्यंत मी हें पुस्तक वाचीत राहीन.
३. काल त्याची गाडी चुकली असेल.
४. डॉक्टर येतील तोंवर ताप उतरलेला असेल.
५. सायंकाळपर्यंत सर्व पत्रें टपालांत टाकलेलीं असतील.

उत्तरें अशीं. पहिलें: "बाय नेक्स्ट संडे आय शॅल हॅव फिनिश्ड धिस बुक." दुसरें: "आय शॅल गो ऑन रीडिंग धिस बुक टिल नेक्स्ट संडे." तिसरें अंदाजाचें आहे: "ही मस्ट हॅव मिस्ड हिज ट्रेन यस्टर्डे", शंका अधिक असल्यास 'मे हॅव'. चौथें: "बाय द टाइम द डॉक्टर कम्स, द फीव्हर विल हॅव गॉन डाउन." पांचवें कर्मणि: "ऑल द लेटर्स विल हॅव बीन पोस्टेड बाय ईव्हनिंग." पहिलें आणि दुसरें वाक्य शेजारीं शेजारीं ठेवून पाहावें, 'पर्यंत' हा शब्द किती निरनिराळीं कामें करतो हें लगेच कळेल.

शेवटीं पालकांस एक विनंति. मुलगा इंग्रजींत कच्चा आहे अशी तक्रार पुष्कळदां आमच्याकडे येते. आमचा अनुभव असा कीं, बहुतेक चुका इंग्रजीच्या अज्ञानापेक्षां मराठी वाक्याचा अर्थ मनांत नीट न उलगडल्यामुळें होतात. तेव्हां घरीं मुलाला पत्र लिहावयास सांगाल, त्या वेळीं इंग्रजी येत नसलें तरी तुम्ही त्याला मदत करूं शकतां. त्याला एवढेंच विचारा: "त्या तारखेपर्यंत काम चालूं राहणार, कीं त्या तारखेच्या आंत तें संपलेलें असणार?" हा प्रश्न मराठींत आहे, आणि त्याचें उत्तर मुलाला मराठींत देतां आलें कीं, इंग्रजीचें अर्धें काम झालें. त्या सुतारबाबांनीं पुढें हीच रीत धरिली. नंतरचें प्रत्येक पत्र मुलाकडून लिहवून घेतल्यावर ते त्याला विचारीत, "ह्यांत काम चालू आहे का झालेलं आहे?" आणि मुलानें समाधानकारक उत्तर दिल्यावांचून पाकीट बंद करीत नसत.